भावांच्या जमिनीत हिस्सा मागितला तर माझं चुकतं का?

ताई, तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. वडील २०११ साली वारले. गावी आजोबांपासून चालत आलेली साडेसात एकर जमीन. दोन भाऊ, तुम्ही एकटी बहीण, वय ५४, राहायला पुण्यात. वडिलांचं तेरावं झाल्यावर ‘तलाठ्याकडे एक सही करून जा’ म्हणून भाऊ घेऊन गेले, तुम्ही न वाचता सही केली. आज सातबाऱ्यावर दोघा भावांचीच नावं आहेत. आईचं शेवटचं चार वर्षांचं दुखणं थोरल्या भावाने आणि वहिनीने काढलं. गेल्या वर्षी आई गेली. त्यानंतर तुम्ही पहिल्यांदा वाट्याचा विषय काढलात, तर थोरला म्हणाला, “तुझा वाटा लग्नात देऊन झालाय. आणि आईच्या उशाशी मी होतो, तू नव्हतीस.” तेव्हापासून तुम्हाला झोप नाही, आणि तुम्ही विचारताय, ‘भावांच्या जमिनीत हिस्सा मागितला तर माझं चुकतं का?’

मी अठ्ठावीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात वाटपाचे दावे चालवते. तुमचं हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, मी कितीदा ऐकलं असेल. त्यातला ‘भावांच्या जमिनीत’ हा शब्द आधी सोडा. जमीन तिघांची आहे. सातबाऱ्यावर दोघांची नावं आहेत, एवढंच.

दुसरं म्हणजे, तुम्ही एका वाक्यात दोन प्रश्न बांधलेत. ‘माझं बरोबर आहे का’ हा एक आणि ‘मला हक्क आहे का’ हा दुसरा. आपल्या भाषेतच ही गाठ आहे. हक्क हा शब्द मूळ अरबी, आणि तिथे त्याचा अर्थ ‘सत्य’ असाही होतो. आपली ‘हकीगत’ आणि आपलं ‘नाहक’ त्याच घरातले. त्यामुळे ज्याचं खरं त्याचा हक्क, हे आपण गृहीत धरतो. कोर्टाची पायरी चढलं की या दोन गोष्टी वेगळ्या होतात, आणि ज्या बाईला हे आधी कळलेलं नसतं ती फार सोसते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोणी देत नाही म्हणून ती दुसराही सोडून देते.

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी देते. साडेसात एकर म्हणजे ३०० गुंठे. जमीन वडिलोपार्जित धरली, तर वडिलांच्या मृत्यूच्या आदल्या घटकेला घरात वाटणी झाली असं कायदा मानून चालतो. त्यात पाच वाटेकरी: वडील, आई, दोन भाऊ आणि तुम्ही. प्रत्येकी ६० गुंठे. वडिलांचे ६० पुन्हा आई आणि तुम्ही तीन भावंडं अशा चौघांत, १५-१५. झाले प्रत्येकाचे ७५. आईने मृत्युपत्र केलं नसेल तर तिचे ७५ तुम्हा तिघांत २५-२५. म्हणजे प्रत्येकी १०० गुंठे, अडीच एकर. आता भावांचा वकील म्हणेल की जमीन वडिलोपार्जित नाहीच, वडिलांना ती वारसाने एकट्याला आली, म्हणून त्यांची स्वतःची. म्हणू द्या. मग ३०० चे सरळ चार भाग, आणि आईच्या मागे तीन. आकडा तोच. बापाच्या स्वतःच्या मिळकतीत, तो मृत्युपत्र न करता गेला तर, मुलीला मुलाइतकाच वाटा आहे आणि तो १७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा लागू झाला तेव्हापासून आहे. ‘मुलींना सगळं २००५ नंतर मिळालं’ असं गावोगाव सांगितलं जातं, ते अर्धवट आहे. (हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, आणि मुस्लिम व ख्रिस्ती कुटुंबांचे वारसा कायदे वेगळे आहेत. वाचणाऱ्यांपैकी कोणी त्यातलं असेल तर हा हिशोब धरू नये.)

लग्नात झालेला खर्च या १०० गुंठ्यांतून वजा होत नाही. तुमचे दागिने, मानपान, जेवणावळी, काहीही नाही. लग्न भावांचंही झालं होतं, आणि त्याचा खर्च त्यांच्या वाट्यातून कोणी कापला नाही.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्माने वाटा मिळायला मात्र फार वर्षं लागली, आणि तो इतिहास तुमच्या पहिल्या प्रश्नाशी जवळचा आहे म्हणून सांगते. हिंदूंचे लग्नाचे आणि वारशाचे कायदे बदलू पाहणारं हिंदू कोड बिल रखडलं, तेव्हा इतर कारणांबरोबर त्याही कारणाने डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये केंद्रातलं मंत्रिपद सोडलं. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला मुलाच्या बरोबरीने आणलं, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत ती अट गेली. मग नवा वाद निघाला: त्या तारखेला बाप जिवंत असायला हवा का? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हवा. २०१८ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात, बाप २००१ सालीच वारलेला असूनही, मुलींना वाटा दिला गेला. शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात तीन न्यायमूर्तींनी विषय मिटवला. मुलीचा हक्क जन्माने आहे, बाप २००५ मध्ये होता की नव्हता याचा संबंध नाही.

माझ्या एका अशिलाचे वडील २००३ साली गेले होते, आणि तिचं लग्न १९९० चं. २०१६ ला आमच्या कोर्टाने तिला वडिलांच्या हिश्श्यातला एक तुकडा दिला, भावांच्या बरोबरीचा वाटा नाकारला. त्या दिवशीच्या कायद्याने तो निकाल चूक नव्हता. अपील चालू असताना २०२० चा निकाल आला आणि तिचा वाटा बरोबरीचा झाला. मधल्या काळात जमीन तीच होती, बाईही तीच. भाऊही बदलले नव्हते. ती २०१६ ला जेवढी खरी होती तेवढीच नंतर होती. बदलला फक्त कायदा. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते, कोर्टात हरलीस म्हणजे खोटी ठरलीस असं मनाला लावून घेऊ नकोस. जिंकलीस म्हणजे सगळ्या भांडणात तूच खरी होतीस, असंही समजू नकोस.

आता त्या सहीबद्दल, कारण कायद्याच्या बाजूने खरी अडचण असली तर तिथेच आहे. तुम्ही नेमकी कशावर सही केली? तीन शक्यता असतात. एक, वारस नोंदीच्या वर्दीवर, म्हणजे वारसांची नावं कळवणाऱ्या अर्जावर, किंवा तलाठ्यासमोरच्या जबाबावर, ‘माझं नाव लावू नये, माझी हरकत नाही’ अशा अर्थाच्या. दोन, स्टँप पेपरवर केलेलं, नोटरीचा शिक्का मारलेलं हक्कसोड. तीन, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवलेलं हक्कसोडपत्र, जिथे अंगठा, फोटो आणि साक्षीदार होतात. पहिल्या दोहोंनी जमिनीतला हक्क जात नाही, कारण शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृत लागतो. तिसरं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ते फसवून घेतलं हे सिद्ध करावं लागेल, आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत कोर्टात जावं लागेल.

हे घरी बसून आठवत बसू नका, कागद काढा. सातबाऱ्यावर भावांच्या नावाशेजारी फेरफार क्रमांक, म्हणजे ज्या नोंदीने नावं बदलली तिचा नंबर, असतो. त्या क्रमांकाचा गाव नमुना सहाचा (फेरफार नोंदवहीचा) उतारा घ्या. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून त्या फेरफारामागची वर्दी, जबाब आणि नोटिशीची पोच यांच्या नकला मागा. मी असे जुने फेरफार पुष्कळ चाळले आहेत. भावांची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, आणि बहिणींची ‘इतर हक्कात’, हा प्रकार इतका सर्रास दिसतो की नवख्या माणसाला तो नियमच वाटावा. काही ठिकाणी बहिणीचं नाव वारसांच्या यादीतही नसतं. तुमचं त्यात आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

फेरफार पाहून घाबरूही नका. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे सातबाऱ्यावरची नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. ‘खरी मानणं’ आणि ‘खरी असणं’ यात अंतर आहे, आणि त्या अंतरातच आमचा सगळा धंदा चालतो. महसुली नोंदीने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीतरी वेळा सांगितलं आहे. शेतसारा कोणाकडून घ्यायचा, यासाठी ती नोंद असते.

मुदतीचा मुद्दा भाऊ नक्की काढतील. २०११ पासून बारा वर्षं उलटून गेली, बहीण गप्प होती, आता दावा चालणार नाही, असं म्हणतील. कायदा असा आहे की एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने असतो, आणि तुम्हाला वगळलंय हे तुम्हाला कळलं तिथून बारा वर्षं मोजायची. म्हणून मी तुम्हाला एक साधं विचारते: सुगीनंतर घरून काही येत होतं का? ज्वारीचं पोतं, गूळ, भुईमुगाच्या शेंगा, उसाचं बिल आल्यावर आईने हातात ठेवलेले चार पैसे? तुम्हाला ती आईची माया वाटली असेल, आणि होतीच. कोर्टात तो पुरावाही आहे की त्या जमिनीच्या उत्पन्नातून तुम्हाला वगळलेलं नव्हतं. कोणाच्या गाडीतून पोतं आलं, कोणत्या साली, कोण साक्षीला येईल, हे आठवून वहीत लिहून ठेवा.

आता तुमचा पहिला प्रश्न. माझं चुकतं का?

दहाएक वर्षांपूर्वीची एक उलटतपासणी सांगते. तुमच्यासारखीच बाई, माझी अशील, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी. समोरच्या वकिलांनी जमिनीचा एकही प्रश्न विचारला नाही. विचारलं, आईला दवाखान्यात कोणी नेलं? भावाने. बिल कोणी भरलं? भावाने. तुम्ही आईजवळ किती दिवस राहिलात? ती थांबली, मग म्हणाली, “चार दिवस. पण साहेब, माझ्या मिस्टरांचं तेव्हा...” न्यायाधीशांनी हात वर केला. विचारलं तेवढंच सांगा. आपल्या कोर्टात साक्ष कशी लिहिली जाते ते तुम्ही पाहिलं नसेल. ‘हे म्हणणे खरे आहे की आईच्या औषधोपचाराचा खर्च प्रतिवादी क्रमांक १ याने केला. हे म्हणणे खरे आहे की मी आईजवळ चार दिवस राहिले.’ टाइपरायटरचा तो आवाज आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘हे म्हणणे खरे आहे’. तिचा नवरा त्या महिन्यांत अंथरुणावर होता, हे कुठेच आलं नाही, कारण ते कोणी विचारलं नव्हतं.

निकाल तिच्या बाजूने लागला. वादीचा एक तृतीयांश हिस्सा जाहीर. निकालपत्रात आईच्या आजारपणाबद्दल एक ओळही नव्हती, कारण वाट्याशी त्याचा संबंध नाही. कोर्टाबाहेर चिंचेखाली बसून तिने मला विचारलं, “मॅडम, पण साहेबांनी काय लिहिलंय, माझं बरोबर होतं का?” ती सहा वर्षं हे ऐकायला आली होती, आणि तिला दोन एकर मिळाली.

तुमच्या बाबतीत हेच होऊ नये म्हणून एवढं लांब लिहिते आहे. हक्क तुम्हाला चांगली मुलगी होतात म्हणून मिळालेला नाही. आईजवळ चार दिवस राहिलात की चार वर्षं, याने १०० गुंठ्यांचे ९९ होत नाहीत. भाऊबीजेला गेलात की नाही, वहिनीशी कोण कसं बोललं, हे काही मोजलं जात नाही. आणि ते तसंच असायला हवं, असं मी मनापासून मानते. वागणुकीवरून वाटा ठरायला लागला, तर घरात ज्याचा आवाज मोठा तोच प्रत्येकाची वागणूक ठरवेल. माझ्या आजीला आणि दोन्ही आत्यांना ‘चांगल्या’ म्हणत म्हणत त्यांच्याकडून सगळं सोडवून घेतलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. साडीचोळीला बोलावायचे, पाट मांडायचे, ओवाळायला लावायचे, आणि जमिनीचं नाव काढलं की सगळं घर गप्प.

याची उलट बाजूही मी पाहिली आहे, तीही सांगायला हवी. एका मुलीने बापाची अकरा वर्षं सेवा केली. लग्न केलं नाही, नोकरी सोडली. बापाची मिळकत त्याने स्वतः घेतलेली, आणि त्याने नोंदणीकृत मृत्युपत्राने सगळी मुलाच्या नावे केली. मृत्युपत्र सरळ होतं, साक्षीदार चांगले होते, बाप शुद्धीवर होता. सारं गाव म्हणत होतं की पोरीचं खरं आहे. मीही म्हणत होते. पण हक्क नव्हता, आणि दावा लावू नकोस असं मला तिला सांगावं लागलं. सीमेपलीकडे गोव्यात ती असती तर तिच्या बापाला निम्म्याहून जास्त मिळकत अशी मृत्युपत्राने देताच आली नसती. उरलेल्या निम्म्यात मुलांचा, मुलगी असो वा मुलगा, सारखा वाटा तिथल्या कायद्याने राखलेला आहे. आपल्याकडे तसं काही नाही, आणि ते असावं असं माझं मत आहे. तुमच्याही वडिलांचं एखादं मृत्युपत्र भावांकडे नाही ना, याची खात्री करा. असेल तर माझा वरचा हिशोब बदलेल.

तुमच्या थोरल्या भावाचं म्हणणं मात्र मी बाजूला टाकणार नाही. आईच्या उशाशी तो होता, हे खरं आहे. रात्री-बेरात्री तिला उठवणं, अंथरूण बदलणं, हे त्याने आणि विशेषतः तुमच्या वहिनीने केलं. वहिनीचा तर या जमिनीत स्वतःचा असा वाटाही नाही, आणि सगळ्यात जास्त तिनेच केलं असणार. हे तुम्ही मानलंत तर तुमचा हक्क तसूभर कमी होत नाही. आमच्या वकिली सवयीने मी अशिलांना पूर्वी सांगायचे, काही कबूल करू नका. आता तसं सांगत नाही. जे खरं आहे ते मान्य करा, फक्त त्याची किंमत म्हणून वाटा लिहून देऊ नका. भावाने स्वतःच्या पैशाने विहीर खोदली असेल, पाइपलाइन आणली असेल, तर वाटप करताना तो भाग शक्यतो त्याच्याकडे जावा, असं कोर्टही पाहतं. तडजोडीत तुम्ही स्वतःच ते सुचवा. वाटा तुमच्या नावावर झाल्यावर जमीन भावालाच खंडाने कसायला देता येते. पुण्यात राहून तुम्ही ऊस लावणार नाही, हे त्यालाही माहीत आहे. सगळं समजून, कागद वाचून, तुम्हाला भावाला काही सोडायचं असेल तर तोही तुमचाच अधिकार. पण तेव्हा ते नोंदणीकृत दस्ताने करा, आणि तुम्ही काय दिलंत हे घरातल्या सगळ्यांना कळू द्या.

दावा करावाच लागला तर थोडं व्यवहाराचं. मिळकतीच्या वादात बाईला महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते. दावा दाखल झाल्या झाल्या त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, म्हणजे मधल्या काळात कोणी जमीन विकत घेतली तरी तो तुमच्या दाव्याने बांधला जाईल. ही पायरी विसरलेले वकीलही मी पाहिले आहेत, तेव्हा आपणहून विचारा. सगळ्या मिळकती दाव्यात घ्या, गावठाणातलं घरसुद्धा. राहत्या घराचं वाटप मुलीला मागता येत नाही, हे २००५ पर्यंत खरं होतं, आता नाही. आणि निकाल म्हणजे शेवट समजू नका. प्राथमिक हुकूमनाम्यात फक्त हिस्सा ठरतो. शेतजमिनीची प्रत्यक्ष मोजणी आणि सरस-निरस (जमिनीचा कस पाहून केलेलं) वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, आणि बांध पडेपर्यंत पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो.

त्याआधी मी नोटीस पाठवते. पण नोटीस पोस्टात पडायच्या आधी भावाला तुम्ही स्वतः फोन करा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला हे सांगते, आणि थोड्याच जणी करतात. त्याला म्हणा, “दादा, आईचं तू आणि वहिनीने केलंत. मला जमलं नाही, याचं मला वाईट वाटतं. वाटा मात्र मला हवाय, आणि त्यासाठी वकिलाची नोटीस येईल.” मग गप्प राहा. तो चिडेल, जुनं सगळं काढेल, कदाचित रडेल. मध्ये बोलू नका. त्याचं पूर्ण ऐकून झाल्यावर फोन ठेवा, आणि फेरफाराची नक्कल घेऊन माझ्याकडे किंवा तुमच्या तालुक्यातल्या कोणत्याही चांगल्या दिवाणी वकिलाकडे या.